नवीन कॅमेऱ्याच्या फायली जुन्या पीसीवर अडकतात: मशीन बदलू, सॉफ्टवेअर बदलू की दोन्ही?

कुडाळ_फ्रेम

नमस्कार मंडळी. स्टुडिओ कुडाळला. लग्न-मुंज, गावची पालखी, दशावतार, जत्रा, मधूनच एखाद्या होमस्टेची जाहिरात अशी कामं. मशीन: आय-७ ७७००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० (६ जीबी), विंडोज १०, एक सॅटा एसएसडी आणि बाकी सगळ्या हार्ड डिस्क. रोजचं एडिटिंग प्रीमियर २०२० वर. त्याआधीचे प्रोजेक्ट एडियस ८ मध्ये पडून आहेत, कोणी ना कोणी "तो व्हिडिओ परत काढून द्या" म्हणून येतंच.

आता सोनीची नवी बॉडी घेतली. ४के, ५० फ्रेम, १० बिट. क्लिप टाइमलाइनवर टाकली की सीपीयू १०० टक्क्यांवर आणि चित्र ढकलगाडी. प्लेबॅक एक चतुर्थांश केलं तरी तेच. एक दुकानदार म्हणतो ग्राफिक कार्ड बदला. दुसरा म्हणतो अख्खा पीसी बदला, विंडोज १० चा सपोर्टही संपला. मित्र म्हणतो प्रीमियर सोड, रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे.

बजेट सव्वा लाख, ताणून दीड. हातात अर्धवट कापलेली चार लग्नं आहेत. गणपतीच्या आधी सगळं उभं राहायला हवं. सुरुवात कुठून करू?

रत्नागिरी_कोडेक

दादा, तिघांचंही म्हणणं थोडं थोडं बरोबर आहे, पण तुमची फाईल नेमकी कुठली हे एकानेही विचारलेलं दिसत नाही. पैसे त्याच्यावर ठरतात.

मीडियाइन्फो हे छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका, कॅमेऱ्याची एक क्लिप त्यात उघडा, ट्री व्ह्यू घ्या. व्हिडिओच्या खाली तीन ओळी वाचायच्या: फॉरमॅट (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती किती ठेवलीय (४:२:० की ४:२:२) आणि बिट डेप्थ (८ की १०).

प्रोसेसरमधल्या किंवा कार्डातल्या व्हिडिओ डिकोडरला ठरावीक प्रकारच उलगडता येतात. प्रकार ओळखीचा असेल तर ४के सुद्धा लोण्यासारखं चालतं. नसेल तर सगळा भार सीपीयूच्या कोअरवर येतो, आणि तुमच्याकडे कोअर चार. तुमची १०६० आणि ७७०० मधलं इंटेल ग्राफिक्स, दोघांनाही एच.२६५ १० बिट ४:२:० येतं. ४:२:२ दोघांनाही येत नाही. म्हणून प्लेबॅक रिझोल्यूशन कमी करून फरक पडला नाही. फाईल आधी पूर्ण उलगडावीच लागते, चित्र लहान होतं ते त्यानंतर.

डोळ्यांनी बघायचं तर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, जीपीयू. तिथे "व्हिडिओ डिकोड" असा एक आलेख असतो. क्लिप चालू असताना तो तळाला सपाट आणि सीपीयू छताला, म्हणजे कार्ड हातावर हात ठेवून बसलंय. तसं असेल तर नुसतं त्याहून मोठं कार्ड घेऊनही काही होणार नाही. आरटीएक्स ३०६० काय, ४०७० काय, त्या दोन्ही पिढ्यांना ४:२:२ उलगडता येत नाही. एनव्हिडियाने ते ५० मालिकेत दिलं. इंटेलमध्ये डेस्कटॉपला ११ व्या पिढीपासून एच.२६५ ४:२:२ १० बिट आहे. ॲपलच्या एम चिपमध्येही आहे.

त्या तीन ओळी इथे टाका, मग पुढचं बोलू.

कुडाळ_फ्रेम

बघितलं. फॉरमॅट एव्हीसी, प्रोफाइल हाय ४:२:२, क्रोमा ४:२:२, बिट डेप्थ १०, बिटरेट साधारण २०० एमबीपीएस. कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एस ४के निवडलेलं आहे. आणि हो, व्हिडिओ डिकोडचा आलेख शून्यावर.

रत्नागिरी_कोडेक

मग तुम्ही सगळ्यात अडचणीच्या खणात आहात. एच.२६४ मधलं १० बिट ४:२:२ हे इंटेलच्या १२, १३, १४ व्या पिढीतलं क्विकसिंकही (इंटेल ग्राफिक्समधला व्हिडिओ डिकोडर) उलगडत नाही. त्यांना एच.२६५ मधलं ४:२:२ चालतं, एच.२६४ मधलं नाही. बरेच जण "इंटेल घेतलं की ४:२:२ चालतं" एवढं ऐकून नवा पीसी घेतात आणि नव्या पीसीवरही तीच रडकथा.

आजच्या आज, पैसे न घालता करता येईल ते आधी करा. कॅमेऱ्याच्या मेनूत फाईल फॉरमॅट एक्सएव्हीसी एस वरून एक्सएव्हीसी एचएस ४के करा, हे एच.२६५ आहे. त्यात रेकॉर्ड सेटिंगमध्ये ४:२:० १० बिटचा पर्याय घ्या. ही फाईल तुमच्या १०६० ला उलगडता येते. रंगाची माहिती उभ्या दिशेलाही निम्मी होते खरी, पण बिट १० च राहतात, त्यामुळे आकाशात किंवा भिंतीवर पट्टे पडत नाहीत. लग्नाच्या कामाला हिरवा पडदा लावून मागची पार्श्वभूमी कापायची नसते, तिथे ४:२:० आणि ४:२:२ मधला फरक गिऱ्हाईकच काय, आपल्यालाही शोधावा लागतो. हिरव्या पडद्याचं काम किंवा लॉगमध्ये (मुद्दाम फिक्या रंगात) शूट करून नंतर रंगांचं जबरदस्त ग्रेडिंग असेल तेव्हाच ४:२:२ घ्या.

यात एक खोच आहे. कॅमेरा पाल (२५-५० फ्रेमच्या) पद्धतीत असला की एचएस ४के मध्ये २५ फ्रेम मिळत नाहीत, ५० पासून पुढे मिळतात. ५० मध्ये शूट करून २५ च्या टाइमलाइनवर टाकलं तर एकाआड एक फ्रेम गळते आणि हालचाल सरळ राहते, त्यामुळे अडत नाही. पण एनटीएससीला नेऊन २४ किंवा ६० घेऊ नका, आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली हॉलमध्ये पट्टे फिरताना दिसतील. शटर ५० किंवा १०० वर ठेवा.

डिस्कचा हिशोबही करा. २०० एमबीपीएस म्हणजे तासाला ९० जीबी. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की एका लग्नाला १ टीबीच्या वर, आणि दुसरी प्रत धरली तर त्याच्या दुप्पट. एचएसमध्ये १०० एमबीपीएसचा पर्याय बहुतेक नव्या बॉडींत असतो, तो तासाला ४५ जीबी.

चिपळूण_कट

कोडेकचं, म्हणजे फाईल कुठल्या प्रकारात बांधलीय त्याचं, वर आलंच आहे. मी सॉफ्टवेअरचं बोलतो, कारण गणपतीच्या तोंडावर लोक तिथेच आपटतात.

हातातली चार लग्नं जुन्याच मशीनवर, जुन्याच प्रीमियरवर संपवा. त्यात अजिबात हात घालू नका. जुनी प्रोजेक्ट फाईल नव्या प्रीमियरमध्ये उघडली की ती रूपांतरित होते आणि मग जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. मूळ फाईल शाबूत राहते, पण नव्या प्रतीत केलेलं दोन दिवसांचं काम मागे आणता येत नाही. क्रिएटिव्ह क्लाउडवरून अपडेट घेताना प्रगत पर्यायांत "जुनी आवृत्ती काढून टाका" अशी खूण असते, ती आधी काढा. २०२० ची आवृत्ती एकदा उडाली तर तिथून परत मिळायची नाही, तिथे सध्याची आणि फार तर मागची एवढ्याच ठेवतात.

चार लग्नांच्या अडकणाऱ्या क्लिपांना प्रॉक्सी, म्हणजे कापण्यापुरत्या हलक्या प्रती, करा. प्रोजेक्ट पॅनेलमध्ये सगळ्या क्लिपा निवडून उजवी कळ, प्रॉक्सी, क्रिएट प्रॉक्सीज. फॉरमॅट प्रोरेस प्रॉक्सी, १९२० बाय १०८०. ५० फ्रेमला तासाला साधारण ३४ जीबी होतात, त्यामुळे आधी जागा बघून घ्या. रात्री लावून झोपा, सकाळी तयार. मग प्रोग्रॅम मॉनिटरखालच्या बटणांत "टॉगल प्रॉक्सीज" ओढून ठेवा. ते निळं असलं की प्रॉक्सी चालू. रंग तपासताना बंद करा. प्रॉक्सी जोडताना "ऑडिओ चॅनेल जुळत नाहीत" अशी तक्रार आली तर प्रीसेटमधले चॅनेल मूळ क्लिपइतके नाहीत. प्रीसेट बदलून परत काढायच्या, दुसरा इलाज नाही.

आता रिझॉल्व्ह. फुकट आहे हे खरं, पण तुमच्या फायलींसाठी नाही. फुकट आवृत्तीत विंडोजवर १० बिट ४:२:२ चं भागत नाही, आणि एच.२६४, एच.२६५ कार्डाकडून उलगडून घ्यायची सोय स्टुडिओ आवृत्तीत आहे. नॉईज रिडक्शनही स्टुडिओतच. निर्यात फुकटमध्ये ३८४० बाय २१६०, ६० फ्रेमपर्यंत. स्टुडिओची किंमत २९५ डॉलर, एकदाच, आणि एका लायसन्स कीवर दोन मशीन चालतात. सबस्क्रिप्शनशी तुलना केली तर हा सौदा चांगला आहे, पण तो सौदा म्हणून घ्या, फुकट म्हणून जाऊ नका.

आणि ऐन हंगामात नाही. प्रीमियरचा प्रोजेक्ट फायनल कट एक्सएमएल करून रिझॉल्व्हमध्ये नेता येतो. कट, साधे डिझॉल्व्ह, जागा-आकार-अपारदर्शकता, साधा वेग एवढं येतं. प्रीमियरच्या लुमेट्री पॅनेलमध्ये केलेला रंग, टायटल, प्लगइन येत नाहीत. नेस्ट केलेलं (एका टाइमलाइनमध्ये दुसरी ठेवलेली) असेल तर नशिबावर. म्हणून अर्धवट काम हलवायचं नाही, नवं काम नव्या घरात सुरू करायचं. पहिलं काम छोटं घ्या: साखरपुडा, होमस्टेची दीड मिनिटाची जाहिरात. चार तासांची पालखी नको.

रिझॉल्व्हमध्ये नवखे सगळे एकाच ठिकाणी ठेचकाळतात. प्रोजेक्ट उघडल्यावर पहिलं काम: प्रोजेक्ट सेटिंग्ज, टाइमलाइन फ्रेम रेट २५. तो मुळात २४ वर असतो, आणि प्रोजेक्टमध्ये क्लिपा आल्या की कुलूप लागतं. मग सगळं कापून झाल्यावर कळतं की २४ वर बसलोय. दुसरं, प्रेफरन्सेसमध्ये लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप दोन्ही चालू आहेत ना बघा, आणि बॅकअपची जागा वेगळ्या डिस्कवर द्या. तिसरं, प्रोजेक्ट लायब्ररीचा बॅकअप घेतल्याशिवाय मोठी आवृत्ती बदलायची नाही, कारण तिथेही नव्यातून जुन्याकडे परतीची वाट नाही.

पाहुण्यांनी पाठवलेल्या मोबाईलच्या क्लिपा सरळ टाकू नका. त्यांचा फ्रेम रेट बदलता असतो, दहा मिनिटांच्या मंगलाष्टकांत आवाज पुढे आणि ओठ मागे पडतात. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून काढून घ्या.

कुडाळ_फ्रेम

आभारी आहे. एडियसच्या जुन्या प्रोजेक्टचं काय? शिवाय टायटल सगळी श्रीलिपीतली आहेत.

चिपळूण_कट

एडियसमधून एएएफ किंवा ईडीएल (कटांची यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणारी फाईल) काढता येते, कट आणि डिझॉल्व्ह जातात. लेआउटरमधली मांडणी, टायटल, प्लगइनचे इफेक्ट जात नाहीत, आणि लग्नाच्या एडियस प्रोजेक्टात अर्धं तेच असतं. ते हलवण्यात वेळ घालवू नका. एडियस ८ आणि त्याचं मशीन जसंच्या तसं ठेवा. पावसात जेव्हा काम नसतं तेव्हा एकेक प्रोजेक्ट उघडून पूर्ण दर्जाची एक मास्टर फाईल काढून घ्या, एक टायटलसह आणि जमलं तर एक टायटलशिवाय. परत मागायला येणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

श्रीलिपीचे जुने फाँट युनिकोड नाहीत. त्यात टाइप केलेला मजकूर आतून भलतीच अक्षरं असतो, फाँट नसलेल्या मशीनवर "चि. सौ. कां." च्या जागी कचरा दिसतो. नव्या कामाला युनिकोडच घ्या. मुक्त, बलू, तिरो देवनागरी मराठी हे फुकट मिळतात. तिरोच्या मराठी फाँटात आपला ल आणि श मराठी वळणाचे येतात, पत्रिकेच्या धर्तीच्या टायटलला छान दिसतो.

प्रीमियर २०२० मध्ये प्रेफरन्सेस, ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन "साउथ एशियन" वालं निवडा, नाहीतर वेलांट्या भलत्या बाजूला बसतात. नवं कुठलंही सॉफ्टवेअर, नवं कुठलंही टेम्प्लेट घेतलं की आधी ही ओळ चिकटवून बघायची: "श्री, कृष्णा, वऱ्हाड, ज्येष्ठ, स्त्री, ज्ञानेश्वर, दुसऱ्या". वऱ्हाडातला र्‍ तुटला किंवा स्त्रीचा पाय मोडला तर ते टेम्प्लेट मराठीच्या कामाचं नाही. बाजारात मिळणाऱ्या तयार टायटलांत हे फार होतं, कारण बनवणाऱ्याने ते रोमन अक्षरांत तपासलेलं असतं.

मालवण_पॉवर

गाववाल्यांनू, सगळे कार्डावर बोलतत, अर्थिंगाचा कोण बोलूक नाय! आता सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहितो.

दीड लाखाचं मशीन लावणार असाल तर आधी मल्टिमीटर घेऊन सॉकेट तपासा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ ३ व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ ५ च्या वर गेलं किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर अर्थिंग नाममात्र आहे. आपल्याकडे जांभा. त्याची रोधकता मुळात जास्त, आणि एप्रिल-मेमध्ये तो सुकला की खड्डा असून नसल्यासारखा. कोळसा-मीठ भरलेला जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घाला. नवा करत असाल तर इलेक्ट्रोडभोवती बेंटोनाइट किंवा तयार अर्थिंग पावडर भरून घ्या, ती ओल धरून ठेवते. वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या. "टाकलंय साहेब" एवढ्यावर विश्वास नको.

दुसरी गोष्ट घरचा इन्व्हर्टर. पीसीची एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरते. साधा इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो, म्हणून दिवे लुकलुकतात तेवढ्यात पीसी रिस्टार्ट. शिवाय चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर आजची ॲक्टिव्ह पीएफसी वाली एसएमपीएस कुरकुरते, कधी बंदही पडते. प्युअर साइन वेव्ह यूपीएस घ्या, लाइन इंटरॅक्टिव्ह चालेल, १ केव्हीएच्या खाली नको. पण केव्हीए म्हणजे वॅट नव्हेत. १ केव्हीएचे बरेच यूपीएस ६०० वॅटच देतात, खोक्यावरचा वॅटचा आकडा वाचा. तो आकडा मशीन, मॉनिटर आणि डिस्क मिळून लागणाऱ्या वॅटपेक्षा ठळक जास्त हवा. यूपीएसवर लेझर प्रिंटर लावायचा नाही.

वळिवाच्या आणि परतीच्या पावसाच्या विजांना कुठलाही स्पाइक गार्ड पुरत नाही. गडगडाट लांब असतानाच प्लग भिंतीतून काढा, आणि त्याच्यासोबत लॅनची वायरही. इंटरनेटची फायबर वीज आणत नाही, पण इंटरनेटच्या डब्याचा ॲडॉप्टर आणतो, आणि तिथून लॅनमार्गे मदरबोर्डचं पोर्ट जातं. केबल टीव्हीची वायर कॅप्चर कार्डाला जोडलेली असेल तर तीही.

खाऱ्या हवेबद्दल थोडं सविस्तर लिहितो. मिठाचे कण बोर्डावर बसतात, तोवर विशेष काही होत नाही. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि मग ते वीज वाहणारा पातळ थर होतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या वरच असते. म्हणून बिघाड जुलैमध्ये दिसतो, जरी मीठ वर्षभर साठत असलं तरी. रॅमचे कॉन्टॅक्ट, एसएमपीएसचा आतला बोर्ड, कार्डाचे पोर्ट ही पहिली ठिकाणं. दहा रुपयांचा खोडरबर घासायची पद्धत सोडा, सोन्याचा मुलामा जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा.

कॅबिनेटला हवा आत घेणारे पंखे जास्त आणि बाहेर टाकणारे कमी ठेवा, आणि आत घेणाऱ्यांवर जाळी. मग फटींतून खारी धूळ ओढली जात नाही. जाळी पावसाआधी आणि पावसानंतर धुवायची, उन्हात पूर्ण सुकवूनच लावायची. खोलीत शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रता मापक ठेवा, ५० ते ६० मध्ये राहील असं बघा. एसीचा ड्राय मोड त्यासाठीच असतो.

दव हा मात्र एसीमुळेच पडतो. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २५ च्या आसपास. तुमची खोली २२ ला गार, मशीन बंद, आणि कोणी खिडक्या उघडल्या की गार पत्र्यावर आणि बोर्डावर पाणी धरतं. एसी बंद करून खोली बंदच ठेवून हळूहळू तापू द्या. कॅमेरा बाहेर नेतानाही तेच, बॅगेतच अर्धा तास राहू दे.

अलिबाग_मिनी

कोणी बोललं नाही म्हणून सांगतो, मॅक मिनी एम४ चाही विचार करा. एच.२६५ ४:२:२ उलगडतो, प्रोरेस हार्डवेअरमध्ये आहे, आणि कमाल वीज ६५ वॅट. मालवणच्या दादांनी सांगितलेला तोच यूपीएस याला कितीतरी वेळ ओढतो. मेमरी नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे १६ जीबी घेऊन पस्तावू नका, २४ घ्या. आतली डिस्क २५६ ठेवून बाहेर एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) लावा.

चिपळूण_कट

मिनी चांगलाच आहे, पण यांच्यासाठी मी नाही म्हणेन. एडियस मॅकवर नाही. सगळ्या जुन्या डिस्क एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीच्या) असणार, त्या मॅकवर फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. कार्ड बदलायचं म्हटलं तर अख्खा डबा बदला. आणि बिघडला तर कोल्हापूर नाहीतर पुण्याला पाठवा, ऐन गणपतीत. शून्यातून सुरुवात करणाऱ्याला मात्र मी मिनीच सुचवतो.

रत्नागिरी_कोडेक

चिपळूणशी सहमत. आता मशीनचं.

७७०० विंडोज ११ च्या यादीत नाही, इंटेलमध्ये मोजके अपवाद सोडले तर ती यादी ८ व्या पिढीपासून सुरू होते. अटीला वळसा घालून ११ टाकता येतं, पण रोजीरोटीच्या मशीनवर तो खेळ नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेवढ्यात ते मशीन इंटरनेटपासून दूर, एडियससाठी बाजूला काढा. विकू नका. त्यात फायरवायर कार्ड असेल तर आणखी महत्त्वाचं, मिनीडीव्हीच्या टेपा घेऊन येणारे अजून येतात आणि जुनं पीसीआय कार्ड बसेल असा स्लॉट आजच्या बहुतेक बोर्डांवर नसतो.

नवं मशीन: आय-५ १४५००, बी७६० बोर्ड डीडीआर५ वाला, ३२ जीबी रॅम १६ च्या दोन पट्ट्यांत, सिस्टिमला १ टीबी एनव्हीएमई, चालू कामाला २ टीबी एनव्हीएमई वेगळी, कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, एसएमपीएस ६५० वॅट गोल्ड. साठवणीला जुन्याच हार्ड डिस्क. रॅमचे भाव सध्या चढलेले आहेत, तिथे बजेट ताणलं जाईल. गरज पडली तर दुसरी एनव्हीएमई १ टीबीची घ्या, पण रॅम १६ वर आणू नका आणि कार्ड ८ जीबीवर आणू नका. ४के मध्ये नॉईज रिडक्शन लावलं की रिझॉल्व्ह "जीपीयू मेमरी फुल" म्हणून थांबतं, तिथे १६ उपयोगी पडते.

१४५०० च का? त्यातलं यूएचडी ७७० ग्राफिक्स दोन डिकोड इंजिनांचं आहे, १४४०० मधलं यूएचडी ७३० एकाचं. आणि बिलावर शेवटी "एफ" नाही ना ते अक्षर अक्षर बघा. एफ म्हणजे इंटेल ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विकसिंक नाही. गेमिंगवाल्यांना चालतं म्हणून दुकानात तेच पुढे करतात, थोडं स्वस्त पडतं.

५० मालिकेचं कार्ड असल्यामुळे तुमच्या आधीच्या एच.२६४ ४:२:२ क्लिपाही उलगडल्या जातील, पण त्यासाठी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी. हे कार्ड येण्याआधीच प्रीमियर २०२० बनलंय, त्याला यातलं काही कळत नाही. म्हणून नव्या मशीनवर नवं प्रीमियर किंवा रिझॉल्व्ह स्टुडिओ, जुन्यावर जुनं. दोघांची सरमिसळ नको.

बायोसमध्ये दोन गोष्टी. एक, "आयजीपीयू मल्टी मॉनिटर" चालू करा. वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड इंटेल ग्राफिक्स झोपवून टाकतात, आणि मग क्विकसिंक सॉफ्टवेअरला दिसतच नाही. दोन, बायोस ताज्या आवृत्तीचं करा. १३-१४ व्या पिढीच्या काही प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरता आली होती, इंटेलने त्यावर मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिले, ०एक्स१२एफ किंवा त्यानंतरचा असलेलं बायोस टाका. दुकानातल्या बोर्डावर दीड वर्षापूर्वीचं बायोस असू शकतं. बायोस यूपीएसवर असतानाच टाकायचं, हे मालवणच्या दादांच्या वतीने.

विंडोज ११ टाकल्यावर सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" चालू आहे का बघा. नव्या आवृत्त्यांत ते आपोआप लागू शकतं. चालू ठेवायचं असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बायोस बदललं की ती विचारली जाते. ड्रायव्हर एनव्हिडियाचा "स्टुडिओ" वाला, "गेम रेडी" नाही. काम चालू असताना तोही बदलायचा नाही.

पैसे देण्याआधी स्वतःच्या क्लिपा पेनड्राइव्हवर न्या, एक एच.२६४ ४:२:२ ची आणि एक एचएसची, आणि दुकानातच चालवून बघा.

कुडाळ_फ्रेम

मनापासून आभार सगळ्यांचे. शेवटचं एक: जुनी १०६० काढून नव्या मशीनमध्ये दुसरं कार्ड म्हणून लावली तर रिझॉल्व्हला मदत होईल का? पडून राहण्यापेक्षा बरं.

रत्नागिरी_कोडेक

नको. एकापेक्षा जास्त कार्डं फक्त स्टुडिओ आवृत्ती वापरते, आणि तेव्हाही प्रत्येक कार्डाची मेमरी वेगळी असते, १६ अधिक ६ मिळून २२ होत नाहीत. उलट लहान कार्डाची मेमरी आधी भरते आणि तिथेच रेंडर अडतं. दुसरं म्हणजे ड्रायव्हर. १० मालिकेला एनव्हिडियाच्या ५८० शाखेपर्यंतच ड्रायव्हर आहेत, त्यानंतर फक्त सुरक्षेची दुरुस्ती. नव्या शाखेवर गेलात की १०६० ओळखलीच जाणार नाही, आणि तिच्यासाठी ५८० वर थांबलात तर ५०६० टीआय मागे अडकते. तिला जुन्या मशीनमध्येच राहू द्या, एडियसवर टायटल बदलून मास्टर काढायला ती पुरेशी आहे.